नंबर तुझ्याही नावाचा लाव

हे बघ, आधी तो फोन बाजूला ठेव. रात्री साडेअकराला ‘सांगलीतले चांगले डॉक्टर’ शोधत बसलीस, की कुणाच्या नावापुढे किती तारे आहेत एवढंच कळतं. आपल्या घरातल्या माणसाला कुणाकडे न्यायचं, ते त्यातून कळत नाही. सासूबाईंची साखर वाढलीय, पोराचा खोकला दोन आठवडे उलटले तरी हटत नाही, नवऱ्याची कंबर धरलीय. आणि तुझी पाळी काही महिने झाले मागेपुढे होतेय, अंगावरून जास्त जातंय, जिना चढताना धाप लागते. यातलं शेवटचं तू मला सगळ्यांत शेवटी सांगितलंस, तेही ‘जाऊ दे गं, होईल कमी’ म्हणत. नाही जाऊ द्यायचं. या यादीत तुझं नाव सासूबाईंच्या बरोबरीनं आहे, त्यांच्या खाली नाही.

लग्न होऊन नव्या गावात आलं, की किराणा, दूध, शाळा सगळं हळूहळू मार्गी लागतं. डॉक्टर मात्र राहून जातो. माहेरी ठरलेला दवाखाना असतो, तिथले डॉक्टर आपल्याला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखत असतात. इथं कुणी ओळखत नाही, आणि घरातला प्रत्येक जण वेगळं नाव सुचवतो. तू गोंधळलीस यात नवल नाही. पण घर, पोर आणि सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा तू एकटी सांभाळतेस, तेव्हा हेही तुला जमणार. फक्त कुठून सुरुवात करायची ते धर.

आपण राहतो ते ठिकाण बघ. माधवनगर म्हणजे सांगलीच्या दारात, आणि सांगलीला लागून मिरज. गेली सव्वाशे वर्षं मिरजेला लोक दुखणी घेऊन येतात. विल्यम वानलेस नावाचे मिशनरी डॉक्टर १८८९ साली भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं रुग्णालय उभं राहिलं. त्यालाच आपल्याकडची जुनी माणसं अजून ‘मिशन’ म्हणतात, आणि सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीला त्यांचंच नाव आहे. मिरज हे रेल्वेचं जंक्शन. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा चारी बाजूंनी गाड्या येतात, त्यामुळे पेशंटही चारी बाजूंनी आले आणि त्यांच्यामागून डॉक्टरही आले. १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालं. आज मिरजेच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात बाकावर बसलीस, तर शेजारची बाई कानडीत बोलत असते. ती रात्रभर प्रवास करून आलेली असते आणि आपण वडापनं येतो.

खरं सांगू का, इतके डॉक्टर हाताशी असणं हेच आपल्याकडे घोळाचं कारण होतं. डोकं दुखलं की थेट मेंदूवाला, छातीत जळजळलं की थेट हृदयवाला, गुडघा कुरकुरला की थेट ऑपरेशनवाला. प्रत्येक जण आपापला अवयव नीट तपासतो, आपापल्या तपासण्या लिहितो, आपापल्या गोळ्या देतो. घरी येईतोवर सासूबाईंच्या पिशवीत चार फायली आणि अकरा गोळ्या जमतात. त्यातल्या दोन एकच असतात, फक्त नावं वेगळी. हे सगळं एकत्र ठेवून बघणारं माणूस कुणीच नसतं. म्हणून माझं पहिलं सांगणं एवढंच, की मोठा डॉक्टर शोधण्याआधी घराचा एक डॉक्टर ठरव. सासूबाई, नवरा, पोर आणि तू, सगळ्यांचं एका जागी. पुढे मिरजेला कुणाकडे जायचं, जायचं तरी का, हे तो सांगेल आणि चिठ्ठी देईल. त्या चिठ्ठीमुळे पुढच्या डॉक्टरांनाही आधी काय काय झालंय ते कळतं, केलेल्या तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत.

आता तो निवडायचा कसा? आपण मेथीची जुडी घेतानासुद्धा उलटीसुलटी करून, देठ मोडून बघतो. दवाखान्याचा बोर्ड मात्र वर मान करून वाचत नाही. वाच. नावापुढची अक्षरं शोभेची नसतात गं. एमबीबीएस म्हणजे अॅलोपॅथीची मूळ पदवी. त्यापुढे एमडी मेडिसिन असेल तर ते साखर, बीपी, ताप, थायरॉईड अशा आतल्या दुखण्यांचे डॉक्टर, म्हणजे आपण ज्यांना फिजिशियन म्हणतो ते. एमएस म्हणजे सर्जन, पण कशाचे ते पुढे वाचायचं, कारण हाडांचे, डोळ्यांचे आणि पोटाचे सर्जन वेगवेगळे. बायकांच्या डॉक्टरांपुढे एमडी किंवा एमएस आणि शेवटी ऑब्स्टेट्रिक्स-गायनॅक असतं, नाहीतर डीजीओ असतं. डीएम आणि एमसीएच या त्याच्याही वरच्या पायऱ्या, म्हणजे फक्त हृदय, फक्त किडनी, फक्त मेंदू. बीएएमएस आयुर्वेदाची पदवी, बीएचएमएस होमिओपॅथीची. त्यांचं शास्त्र त्यांच्या जागी आहे आणि आपल्या खेड्यापाड्यांत रात्री-अपरात्री दार उघडणारे कितीतरी डॉक्टर याच पदव्यांचे आहेत, हे मी विसरत नाही. पण कोण काय करतंय ते आपल्याला माहीत हवं. एमबीबीएस आणि त्यावरच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असतो आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो ताडून बघता येतो.

हे मी उगाच लावून धरत नाही. आपल्याच मिरज तालुक्यातलं म्हैसाळ आठवतं ना? मार्च २०१७. गर्भपातात एक तरुण बाई गेली. पोलिसांनी तपास केला तेव्हा गावाजवळ पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले. दवाखाना चालवणारा होमिओपॅथीचा डॉक्टर होता. मुलगी नको म्हणून बायकांना तिथं आणलं जात होतं, आणणारी घरचीच माणसं होती. त्या बाईला कुणी विचारलं असेल का गं, तुला जायचंय का म्हणून? म्हणून सांगते, तुझ्या शरीराचा प्रश्न असेल तर कुठल्या दवाखान्यात, कुणाच्या हातात आणि कशासाठी, हे तुला आधी कळलं पाहिजे. ‘चल, मी सांगतो तिथं’ असं म्हणून कुणीही तुला गाडीवर बसवून नेता कामा नये.

बोर्ड वाचून झाला की माणूस बघ. एकदा साध्या सर्दी-तापासाठी जा आणि बघ. बोलणं पुरं होऊ देतात का? तपासतात का, की नुसतं ऐकून लिहितात? गोळी कशाची ते सांगतात का? ‘तीन दिवसांत उतरलं नाही तर परत या’ असं म्हणतात का? आपल्याकडे एक खोड आहे, अशक्तपणा आला की ‘सलाईन लावा’ म्हणून आपणच डॉक्टरांच्या मागे लागतो. तोंडानं पाणी जात असताना उगाच सलाईन न लावणारा, सुई न टोचता घरी पाठवणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो. आणि ‘हे माझ्या हातातलं नाही, तुम्ही अमक्यांना दाखवा’ असं वेळेवर म्हणणारा तर सोडूच नकोस. हाताला गुण आहे म्हणतात तो असाच माणूस ओळखून वागल्यानं येतो. घरापासून जवळ असू दे. पावसात, पोर कडेवर घेऊन, एकटीला जाता येईल इतका जवळ.

सरकारी दार विसरू नकोस हं. शिकलेल्या घरांत ‘सरकारीत कशाला’ असं म्हणायची पद्धत पडलीय, मला ती अजिबात पटत नाही. तुझ्या भागाची आशाताई कोण, ते शेजारी विचार आणि तिचा नंबर घेऊन ठेव. उपकेंद्रात नर्सबाई कुठल्या दिवशी असतात, आपल्याला जोडलेलं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठलं, पोराची लस कधी, हे तिला तोंडपाठ असतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत आहे. मिरजेचं शासकीय रुग्णालय आणि सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय, ज्याला आपण सिव्हिल म्हणतो, ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयाची. तिथं थोडी फी लागते, पण खासगीच्या मानानं ती काहीच नाही, आणि सगळ्या विभागांचे तज्ज्ञ एका आवारात भेटतात. गर्दी असते, हे खरं. सकाळी लवकर जायचं आणि आधी केसपेपरची खिडकी गाठायची. डबा-पाणी घेऊन, दिवस मोडला असं धरूनच निघायचं. आधार कार्ड जवळ ठेव. आभा क्रमांक, म्हणजे तो चौदा आकडी आरोग्य क्रमांक काढला असेल, तर जिथं सोय आहे तिथं फोननं क्यूआर कोड स्कॅन करून नोंदणी होते आणि रांग वाचते.

आणि पोराचा खोकला. दोन आठवड्यांवर गेला ना? मग खोकल्याची तिसरी बाटली आणू नकोस. त्याला बालरोगतज्ज्ञांकडे ने आणि खोकला कधीपासून आहे, वजन घटतंय का, संध्याकाळी ताप येतो का, घरात कुणाला क्षयरोग झाला होता का, हे सांग. बहुतेक वेळा काही निघत नाही. पण टीबीची तपासणी आणि औषधं सरकारात फुकट आहेत आणि वेळेत कळलं तर तो पूर्ण बरा होतो, मग कशाला अंगावर काढायचं?

बरं, आता फोन लावायचा. तुला फोन करायला संकोच वाटतो, माहितीय मला. पलीकडून घाईचा आवाज येतो आणि आपण ‘असू दे, नंतर करते’ म्हणून ठेवून देतो. असं बोल, ‘नमस्कार, मला डॉक्टरांना दाखवायचंय, पेशंट नवीन आहे. पाळीची तक्रार आहे, दम लागतो. कधी येऊ?’ बस, एवढंच. तक्रार एका वाक्यात सांगितलीस की समोरच्या बाईंनाही ठरवता येतं, उद्या बोलवायचं की पुढच्या आठवड्यात. मग विचार, त्या दिवशी डॉक्टर स्वतः आहेत ना? कारण मिरजेतले बरेचसे डॉक्टर ठरावीक दिवशी ऑपरेशनला असतात, काही आठवड्यातून एखादा दिवस दुसऱ्या गावाला बसतात, आणि आपण अर्धा दिवस बाकावर काढून जुनियरला दाखवून येतो. वेळ दिलीय की नुसता नंबर, तेही विचार. ‘अकराची अपॉइंटमेंट’ म्हणजे कधी कधी अकराला आत जाणं असतं आणि कधी कधी अकरा ते दोनमध्ये केव्हाही. छोट्या दवाखान्यांत अजून वहीत नाव लिहायची पद्धत आहे. सकाळी कुणीतरी जाऊन नाव लिहून यायचं आणि दहा नंबर झाले की फोन करून निघायचं. कंपाउंडरशी नीट बोललं तर तो स्वतःहून सांगतो, ‘ताई, आत्ता नका येऊ, अजून बराच वेळ आहे.’ काही ठिकाणी व्हॉट्सअॅपवर नंबर लागतो. कुठली पद्धत आहे ते पहिल्याच फोनमध्ये विचारून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेव.

फी किती, आणि ती किती दिवस चालते, हे विचारायला लाजायचं नाही. बऱ्याच ठिकाणी आठवड्याभरात रिपोर्ट दाखवायला परत गेलं तर पुन्हा फी घेत नाहीत. तो दिवस चुकला की परत पूर्ण फी. उपाशीपोटी यायचं का, हेही आधीच विचार. उपाशीपोटीच्या साखरेला आठ-दहा तास काही खायचं नसतं, पाणी चालतं. पण सासूबाई साखरेची गोळी किंवा इन्शुलिन घेतात ना, मग उपाशी असताना ती घ्यायची की रक्त दिल्यावर, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना उपाशी ठेवू नकोस. चक्कर येऊन पडतील. तुझी पोटाची सोनोग्राफी सांगितली, तर लघवी भरून ठेवायची का ते विचार. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी असेल तर पाळीचे दिवस टाळून तारीख घे.

दाखवायला जायच्या आदल्या रात्री भांडी आवरून झाली, की पाच मिनिटं बस आणि वहीच्या कागदावर लिही. वर तारीख. खाली काय होतंय, कधीपासून, कशानं वाढतं. शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली, किती दिवस चालली, दिवसाला किती पॅड लागले, गाठी पडतात का. चालू गोळ्या नावानं लिहू नकोस, पाकिटंच पिशवीत टाक. ‘ती पांढरी छोटी गोळी’ म्हटलं तर कुठल्याही डॉक्टरला कळत नाही. कुठल्या औषधानं अंगावर पित्त उठलं होतं का, ते ठळक लिही. आणि तळाशी तुला विचारायचे प्रश्न. दोनच लिही, पण खरे लिही. आत गेल्यावर बायका काय करतात माहितीय का? दहा मिनिटं सासूबाईंच्या गुडघ्याबद्दल बोलतात आणि उठता उठता दाराशी म्हणतात, ‘डॉक्टर, मला पण जरा…’ तोवर पुढचा नंबर आत आलेला असतो. त्यांचं आणि तुझं वेगवेगळं दाखव. वेगळा दिवस, वेगळा केसपेपर.

तुझ्या वेळेला कुणी सोबत असेल, आणि असावंच, तर तपासणीच्या आधी सरळ म्हण, ‘मला डॉक्टरांशी दोन मिनिटं एकटीनं बोलायचंय.’ सासूबाईंना वाईट वाटेल असं तुला वाटतं, पण त्या बाहेर बाकावर शेजारणीशी छान गप्पा मारत बसतील बघ. पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर खोलीत बाई हजर असणं हा तुझा हक्क आहे, कुणी केलेली मेहरबानी नव्हे. २०२१ साली नर्सिंग होमच्या नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दर दर्शनी भागात लावायलाच लागतात. तिथं बसल्या बसल्या वाच. तुझे कागद मागितलेस तर ७२ तासांत मिळाले पाहिजेत, हाही नियम आहे.

आता जरा जवळ बस, एक नाजूक गोष्ट सांगायचीय. अंगावरून जास्त जातंय म्हटलं, की आपल्या आसपासच्या बायका पटकन म्हणतात, ‘पिशवी काढून टाक, कटकट मिटली.’ ऊसतोडीला आपल्या भागात बीडकडून टोळ्या येतात, बघतेस ना? त्या बायकांचं काय झालं ते २०१९ मध्ये साऱ्या राज्याला कळलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कितीतरी जणी ऐन पंचविशी-पस्तिशीतल्या. कुणाला कॅन्सरची भीती घातली, कुणाला पाळीमुळे कामाचा खाडा परवडत नव्हता. आणि कटकट मिटली का? कंबरदुखी, अंगातून वाफा, हाडं ठिसूळ होणं, हे सगळं लवकर मागे लागलं. अंगावरून जाण्याला कारणं असतात. थायरॉईड असेल, गाठ असेल, संप्रेरकांचा बिघाड असेल. बहुतेकांवर आधी गोळ्या असतात, इतर उपाय असतात. ऑपरेशन खरंच लागणारीही असतात, त्यांनी घाबरू नये. पण कुणी पहिल्याच भेटीत ‘पिशवी काढू’ म्हणालं, तर शांतपणे ‘घरी विचारून सांगते’ म्हण, कागद घे आणि दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव. दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. चांगला डॉक्टर स्वतःहून म्हणतो, खुशाल विचारून या.

मी हे सगळं नंबर लावून जायच्या दुखण्यांबद्दल बोलले. काही दुखण्यांना अपॉइंटमेंट नसते. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात उचलेना, बोलणं अडखळलं, दम इतका लागला की वाक्य पुरं होईना, गरोदर बाईच्या अंगावरून जाऊ लागलं, पोर मलूल होऊन पाणीही पिईना, तर कुठला डॉक्टर चांगला याची चर्चा घरात चालू द्यायची नाही. १०८ फिरवायचा. गाडी फुकट येते आणि गाडीत डॉक्टर असतो. तोंड वाकडं होणं म्हणजे लकवा, आणि त्यावरचं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ‘सकाळी बघू’ म्हणण्यात तेवढा वेळ निघून जातो. दुखणं कधी सुरू झालं ती घड्याळातली वेळ लक्षात ठेव, तिकडे पहिला प्रश्न तोच असतो. साप चावला तर, आणि आपल्याकडे ऊस, द्राक्षं, हळद सगळीकडे रान आहे, हातपाय हलू न देता थेट सरकारी रुग्णालय. प्रतिविष तिथं मिळतं. करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिकाच्या दारात थांबायचं नाही. आणि पावसाळ्याच्या तोंडाला सगळ्यांच्या फायली एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेव, कागदांचे फोटो काढून ठेव. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा कितीजणांची वर्षानुवर्षांची चिठ्ठीचपाटी भिजून लगदा झाली. गोळ्या कुठल्या चालू होत्या तेही सांगता येईना. पाण्यात रस्ते बंद झाले, की साखर-बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या घरात असलेल्या बऱ्या.

पैशाची काळजी तू बोलून दाखवली नाहीस, पण मला कळते. रोजच्या दाखवण्याला योजना नसते, ते आपल्याच खिशातून. पण भरती व्हायची, ऑपरेशनची वेळ आली, तर पैसे भरायच्या आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं विचार. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावानं ही योजना सुरू झाली होती. आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डवाल्या कुटुंबांना आहे, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत. फक्त यादीतलं रुग्णालय हवं आणि यादीतला उपचार हवा. रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला गाठायचं, नाहीतर १५५३८८ वर फोन करायचा. एकदा पैसे भरून भरती झालं, की मग परत योजनेत बसवताना नाकीनऊ येतात. धर्मादाय ट्रस्टची रुग्णालयं असतात, त्यांना दहा टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि दहा टक्के निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर निम्मे. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढायला वेळ लागतो. दुखणं नसताना काढून ठेव, आणि त्याची मुदत बघत जा.

तेव्हा हा आठवडा असा धर. सोमवारी सकाळी पोराला बालरोगतज्ज्ञांकडे. सासूबाईंच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून घराच्या डॉक्टरांकडे, त्यांना सांग की एकदा सगळं मिळून बघा, जास्तीचं कमी करा. कमरेला तिथंच दाखवून घ्या, बहुतेक व्यायाम सांगतील, नवऱ्याला तो करायला लावणं तुझ्याकडे. आणि बुधवार-गुरुवारचा स्त्रीरोगतज्ज्ञांचा नंबर तुझ्या नावाचा, ‘वहिनींना बरं नाही’ असं दुसऱ्या कुणी करायचा फोन नको. त्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर तपासायला लागेल का ते घराच्या डॉक्टरांनाच विचार. जिना चढताना लागणारी धाप मला रक्त कमी असल्याची वाटते. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे, आणि आपण त्याला ‘थकवा’ म्हणून चहा पितो. तिशी ओलांडलीस ना? मग बीपी, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड यांची तपासणी आरोग्य केंद्रात फुकट होते, आशाताईला विचारून त्याचीही तारीख घे.

लोहाच्या गोळ्या दिल्या तर जेवणानंतर लगेच चहा नको, लिंबू पिळून खा. शौचाला काळं होतं, घाबरून गोळ्या बंद करू नकोस. पुढची तारीख आल्या आल्या कालनिर्णयवर गोल करून ठेव, पोराच्या शाळेच्या सुट्टीशेजारी. आणि रिपोर्ट आला की मला फोन कर. ‘ठीक आहे’ म्हणून ठेवू नकोस हं. हिमोग्लोबिन किती आलं, तो आकडा सांग.